एका फडफडीचा हिशेब

माझ्या एका जुन्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर सध्या चालू आहे. भाषांतर करणारी मुलगी वयाने माझ्या लेकीहूनही लहान; मराठी घरात वाढलेली, इंग्रजीत शिकलेली आणि दोन्ही भाषांत चोख. दर आठवड्याला ती मला शंकांची एक यादी पाठवते आणि शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या यादीशी बसते. बहुतेक शंका 'या वन्सं नेमक्या कोणाच्या कोण?' किंवा 'उंबरठ्यावरचे माप ओलांडणे म्हणजे काय?' अशा असतात. परवाच्या यादीत मात्र एकच शंका होती आणि तिने माझा शनिवारच काय, पुढचे दोन आठवडे खाल्ले.

तिने लिहिले होते, ''ताई, तिसऱ्या प्रकरणात 'फडफडणे' हे क्रियापद सहा वेळा आले आहे. पोत्यात कोंबलेली कोंबडी फडफडते. बँकेच्या खिडकीतला पडदा फडफडतो. कंदिलाची ज्योत फडफडते. आजोबांच्या पापण्या फडफडतात. ओढ्याच्या काठावर टाकलेला मासा फडफडतो. आणि कॅशियरच्या बोटांत नोटा फडफडतात. मी कोंबडीला फ्लॅप, पडद्याला आणि पापण्यांना फ्लटर, ज्योतीला फ्लिकर, माशाला फ्लॉप आणि नोटांना रिफल असे शब्द वापरले आहेत. चालतील ना? की सहाही ठिकाणी एकच शब्द असावा असा तुमचा हेतू होता?''

हेतू कसला डोंबलाचा! हाताशी आला तो शब्द लिहिला होता, इतकेच. बँकेत बत्तीस वर्षे काढल्यामुळे मला लगेच एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आठवल्यावर अधिकच ओशाळल्यासारखे झाले. बँकेत 'सस्पेन्स' नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम नेमकी कोणत्या खात्यात टाकायची हे त्या क्षणी कळत नसले, की ती तात्पुरती तिथे टाकायची आणि नंतर शोध घेऊन योग्य जागी न्यायची. चांगल्या शाखेत हे खाते जवळजवळ रिकामे असते. आळशी शाखेत ते फुगत जाते आणि तपासणीला आलेला साहेब सगळ्यांत आधी तेच उघडून बघतो. माझ्या कादंबरीत 'फडफडणे' हे सस्पेन्स खाते झाले होते. भाषांतराला बसलेल्या एका पोरीने ते नेमके उघडले होते.

'चालतील' असे कळवून मी मोकळी होऊ शकले असते. पण मन मानेना. इंग्रजीकडे एवढे शब्द आणि आपल्याकडे एकच, हे खरे आहे का? की मराठीकडे पुष्कळ आहेत आणि माझ्याचकडे एक उरला आहे? हिशेब जुळवायचा तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात. म्हणून आधी इंग्रजीची वही उघडली.

पहिल्यांदा फ्लॅप आणि फ्लटर या जोडीचेच घ्या. शाळेत आपण दोघांपुढे 'फडफडणे' असा एकच अर्थ लिहून पाठ केलेला असतो. पण इंग्रजी ज्याची मायबोली आहे तो माणूस एकाच्या जागी दुसरा शब्द सहसा घालणार नाही. फ्लॅपमध्ये पंख मोठा असतो, हालचाल रुंद असते, तिचा आवाज येतो आणि मुख्य म्हणजे ती मोजता येते. बगळा उडाला की त्याच्या पंखांचे फ्लॅप एक, दोन, तीन असे मोजून घ्यावेत. फ्लटर मात्र हलके, जलद आणि मोजणीच्या पलीकडचे. म्हणून झाडावरून गळणारे पान फ्लटर होत खाली येते, फ्लॅप होत कधी येत नाही. पंख न हलवता आकाशात तरंगणाऱ्या घारीला तिसराच शब्द, सोअर. पाण्यावर एकाच जागी पंख मारत थांबणाऱ्या कवड्या खंड्याला चौथा, हॉव्हर. इथून तिथे चटकन निसटणाऱ्या पाखराला पाचवा, फ्लिट. वटवाघळाचे एक जुने इंग्रजी नावच 'फ्लिटरमाउस' आहे, म्हणजे भिरभिरणारा उंदीर!

या मोजता येण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांच्या १९७२ सालच्या व्याख्यानाच्या शीर्षकात असा प्रश्न होता, की ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवला तर त्यामुळे टेक्ससमध्ये वावटळ उठेल काय? पुढे सगळ्या जगाच्या तोंडी बसलेले ते फुलपाखरू हेच. त्याआधी लोरेन्झ यांच्या दाखल्यात समुद्रपक्षी होता. आता, फुलपाखराच्या उडण्याला इंग्रजीत फ्लटर म्हणतात. पण या शीर्षकात मुद्दाम फ्लॅप आहे. का? तर तिथे एकच, नेमकी, मोजलेली हालचाल हवी होती. इतक्या क्षुल्लक एका हालचालीतून एवढा उत्पात, हा तर मुद्दा. फ्लटर लिहिले असते तर तो मुद्दाच विरून गेला असता.

फ्लॅपची दुसरी खूण म्हणजे एक कड घट्ट जोडलेली आणि बाकीचे मोकळे. पाकिटाची वर दुमडायची पट्टी म्हणजे फ्लॅप. तंबूच्या दाराचे कापड म्हणजे फ्लॅप. पुस्तकाच्या वेष्टणाचा आत दुमडलेला भाग, ज्यावर लेखिकेचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो असतो, तोही फ्लॅपच. आणि शस्त्रक्रियेतही हाच शब्द आहे. एका कडेने शरीराला जोडलेली, त्यामुळे रक्तपुरवठा चालू असलेली कातडी उचलून दुसरीकडे वळवून लावतात, तिला सर्जन फ्लॅप म्हणतात.

या शब्दापाशी मला आपले पुणे भेटले. टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजी फौजेसोबत असलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या कुंभारांच्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी, नाकाच्या मुळाशी जोडलेली ठेवून, खाली वळवली आणि त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. आज जगभरच्या शल्यविद्यार्थ्यांना ती शिकवली जाते ती 'इंडियन फोरहेड फ्लॅप' म्हणून. हात आपला, शब्द त्यांचा. ज्याने लिहून ठेवले त्याचा शब्द राहिला. ही गोष्ट मनात असू द्या, पुढे लागणार आहे.

शब्दांच्या जन्मकथा बघू लागले तेव्हा तर आणखीच गंमत वाटली. फ्लटर हा आज हवेतला शब्द. पण त्याचा जन्म पाण्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लाटांवर इकडेतिकडे हेलकावणे असा होता आणि तरंगण्याचा 'फ्लोट' हा त्याचा सख्खा नातेवाईक. उलट फ्लिकर आज दिव्याच्या ज्योतीला लावतात, पण मुळात तो पाखराच्या पंखांचा शब्द होता. एक पाण्यातून उठून पंखांवर बसला, दुसरा पंखांवरून उडून ज्योतीवर बसला. पुढे मूकपटांचा पडदा लुकलुकायचा म्हणून सिनेमाला लाडाने 'फ्लिक्स' म्हणू लागले. फ्लॅप हा तर आधी चापटीचा शब्द होता. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या 'गलिव्हर'मध्ये लापुटा नावाचे एक तरंगते बेट आहे. तिथले विद्वान विचारात इतके गढलेले असतात, की काठीला बांधलेला, आत वाटाणे नाहीतर खडे घातलेला फुगा त्यांच्या तोंडावर आणि कानावर हलकेच मारून त्यांना भानावर आणावे लागते. त्यासाठी नेमलेला नोकर म्हणजे फ्लॅपर. आमच्या हेड ऑफिसात असे दोन-तीन फ्लॅपर नेमले असते तर बरे झाले असते, असे मला फार वर्षे वाटत आले आहे.

फ्लॅपर म्हणजे उडायला शिकणारे बदकाचे पिल्लूही. आणि विसाव्या शतकात केस आखूड कापून मोकळेपणाने वावरणाऱ्या तरुण मुलींना तेच नाव मिळाले. १९२८ मध्ये ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील सगळ्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्क मिळाला, तेव्हा विरोधकांनी त्याला हिणवून 'फ्लॅपरांचे मत' म्हटले. पंख फुटलेल्या मुलीला नावे ठेवण्यात कोणतीच भाषा मागे नाही. घाबरून उगाच धावपळ करण्यालाही इंग्रज 'फ्लॅप'च म्हणतो. म्हणून १९५७ ते १९६३ पंतप्रधान असलेले, सहसा न डगमगणारे हॅरोल्ड मॅकमिलन 'अनफ्लॅपेबल' म्हणून ओळखले गेले. आणि 'फ्लटर' म्हणजे घोड्यावर किंवा शेअरवर गंमत म्हणून लावलेली छोटीशी रक्कम. आमच्या शाखेतले दोघे-तिघे १९९२ साली असेच 'गंमत म्हणून' शेअरबाजारात उतरले होते. त्यांची गंमत पुढे घराच्या हप्त्यांपर्यंत गेली, ते सोडून देऊ.

आता प्रश्न असा, की हे सगळे शब्द 'फ्ल'नेच का सुरू होतात? फ्लॅप, फ्लटर, फ्लिकर, फ्लिट, फ्लिप, फ्लॉप, फ्लो, फ्लोट, फ्लाय. जे. आर. फर्थ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अशा अर्थसूचक ध्वनिगटांना इंग्रजीत एक नावही दिले. हे गृहस्थ त्याआधी १९१९ ते १९२८ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ओठ-दातांतून हवा सोडायची आणि जिभेने तिला निसटू द्यायचे. तोंडातच एक छोटेसे उड्डाण होते. शिवाय हालचाल पुन:पुन्हा होते हे सांगायला इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'र' किंवा 'ल' जोडते. पॅटचे पॅटर, फ्लिटचे फ्लिटर, स्पार्कचे स्पार्कल.

हे वाचले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. कारण हीच युक्ती आपल्याकडे आहे, आणि आपण ती आडपडदा न ठेवता करतो. गोष्ट दोनदा घडते ना, मग शब्दच दोनदा म्हणा! फडफड, थरथर, सळसळ, लवलव, लुकलुक, झुळझुळ. इंग्रजी शेपटी लावते, मराठी शब्दालाच पुन्हा बोलावते. इंग्रजीत फ्लिप छोटे आणि चटपटीत, फ्लॉप जड आणि धपकन. मधला स्वर बदलला की हालचालीचे वजन बदलते. आपल्याकडे काय वेगळे आहे? नव्या चपला करकर वाजतात, दात येणारे मूल किरकिर करते आणि पगारवाढ न मिळालेला माणूस कुरकुर करतो. बाई भरभर चालते, पाखरू भिरभिर फिरते आणि कपाळावरचे केस भुरभुर उडतात. व्यंजने तीच, फक्त स्वर बदलला, आणि चित्र बदलले. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आईच्या मांडीवर, अंगणात, पावसात ते आपोआप आले.

आणि काही ठिकाणी तर आपला हिशेब इंग्रजीपेक्षा बारीक आहे. झेंड्याचेच बघा. मराठीत झेंडा फडकतो. पताका फडकतात. पण फाटलेले पोस्टर फडफडते, पिंजऱ्यातले पाखरू फडफडते, दोरीवर विसरलेला टॉवेल फडफडतो. कापड तेच, वारा तोच. पण फडकण्यात डौल आहे आणि फडफडण्यात अगतिकता किंवा कटकट आहे. काही दिवसांपूर्वी स्वातंत्र्यदिनाच्या एका निबंधात मी वाचले, 'आमच्या शाळेवर तिरंगा फडफडत होता.' लिहिणाऱ्या मुलाचा देशाभिमान शंभर नंबरी होता. पण त्याच्यापर्यंत दोनांपैकी एकच शब्द पोचला होता. माझ्याजवळ दोन्ही होते. तरीही सहा ठिकाणी एकच लिहिणारी मी, त्या मुलाला कोणत्या तोंडाने नावे ठेवू?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शब्दांची हौस झाली. पण फडफडच्या जागी थरथर आले किंवा गेले, कोणाचे काय अडते? मलाही वरवर तसेच वाटत होते. तर ऐका.

फ्लटर हा कवितेतला नाजूक शब्द वाटतो, पण इंजिनियर तो शब्द ऐकून सावध होतात. वाऱ्याने एखादी वस्तू हलते, त्या हालण्यातूनच तिला वाऱ्याकडून आणखी जोर मिळत जातो आणि हालचाल स्वतःलाच वाढवत नेते, याला ते फ्लटर म्हणतात. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल १ जुलै १९४० ला वाहतुकीला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कोसळला. वारा काही वादळी नव्हता, ताशी सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. पण पूल आधी वरखाली हलला, मग ओल्या कपड्यासारखा पिळवटू लागला आणि तुटून खाली गेला. त्याचे चित्रीकरण आजही अभियांत्रिकीच्या वर्गांत दाखवतात. विमानाच्या पंखाला मागे ज्या पट्ट्या असतात, ज्या उतरताना बाहेर सरकलेल्या आपण खिडकीतून बघतो, त्या फ्लॅप. त्या हव्यातच. पण त्याच पंखाला फ्लटर सुरू झाला तर पंख तुटू शकतो. एकाच पंखावर एक शब्द तारणारा आणि दुसरा मारणारा. तिथे दोघांना 'फडफड' असे एकच भाषांतर करून चालेल का?

आणि आता घरातली गोष्ट. माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला अधूनमधून अस्वस्थ वाटू लागले. आम्ही तिला एका तरुण डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर मनाने फार चांगले, आजींशी अदबीने बोलणारे. त्यांनी विचारले, ''आजी, छातीत धडधडतं का?''

आई म्हणाली, ''धडधड नाही हो. धडधड मला माहितेय. जिना चढल्यावर होते ती. आणि धस्स होतं तसंही नाही. बसल्याजागी मधेच आत चिमणी कोंडल्यासारखं फडफडतं. थोडा वेळ फडफडतं आणि एकदम थांबतं. मग काही नसतं.''

मी कानकोंडी झाले. वाटले, म्हातारी आता चिमण्या-पाखरांत शिरली, डॉक्टरांचा वेळ जाणार. मी मध्येच सुधारून सांगितले, ''म्हणजे पाल्पिटेशन होतं तिला.'' डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवले. ''नाही, त्यांना बोलू द्या. सुरू कसं होतं आजी? हळूहळू की एकदम?'' आई म्हणाली, ''एकदम. बटण दाबल्यासारखं.''

डॉक्टरांनी साध्या कार्डिओग्रामवर न थांबता चोवीस तास हृदयाची नोंद करणारे यंत्र तिच्या छातीला लावले. कार्डिओग्रामच्या वेळी हृदय अगदी सरळ चालत होते. रात्रीच्या नोंदीत मात्र चोर सापडला. अहवालावर नाव होते, 'एट्रियल फ्लटर'. हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला तीनशेच्या आसपास वेगाने, पण ठरावीक लयीत हलत असतात, त्याला हे नाव आहे. लय पूर्ण सुटून नुसती बेताल थरथर उरली, तर त्याला फायब्रिलेशन म्हणतात. दोन्हींत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून वेळेवर कळणे महत्त्वाचे. डॉक्टरांनी सांगितले, की रोगी छातीतल्या हालचालीचे वर्णन कोणत्या शब्दात करतो, याला त्यांच्या शास्त्रात किंमत आहे. एखादा ठोका उलटल्यासारखे वाटणे, मानेत ठोके आपटल्यासारखे वाटणे आणि छातीत भराभर फडफडणे, या तिन्हींवरून वेगवेगळ्या दिशेने शोध सुरू करता येतो. तपासणीचे पहिले यंत्र म्हणजे रोग्याचा शब्द.

घरी येताना रिक्षात आईने विचारले, ''काय म्हणाले ग ते? फ्लटर म्हणजे काय?''

मी म्हटले, ''फडफड.''

आई खिडकीबाहेर... म्हणजे रिक्षाला खिडकी नसते, पण बाहेर बघत म्हणाली, ''मग मी काय सांगत होते?''

त्या क्षणी मला जे कळले ते सांगण्यासाठी हा सारा खटाटोप. हे शब्द भाषेचे दागिने नाहीत, मापे आहेत. सोनाराच्या गुंजेसारखी, वाण्याच्या छटाकासारखी बारीक मापे. आईजवळ ती होती म्हणून तिला जे होत होते ते सांगता आले. मी मात्र एक जाडजूड इंग्रजी शब्द टाकून सगळे त्यात ढकलू पाहत होते. पुन्हा सस्पेन्स खाते! उद्या माझ्या नातवाला छातीत काही झाले तर तो काय सांगेल?

नातू आठ वर्षांचा आहे, हुशार आहे. त्याच्या बोलण्यात सगळे 'हलते'. पिंपळाचे पान हलते, निरांजनाची ज्योत हलते, पतंगाची शेपटी हलते आणि त्याचा पडायला आलेला दातही हलतो. बरे, मराठीत गेले ते इंग्रजीत आले असेल म्हणावे, तर तेही नाही. इंग्रजीत त्याच्याजवळ 'मूव्ह' आहे. फ्लटरचे स्पेलिंग त्याला येते, अर्थ विचारला तर पाठ केलेला 'फडफडणे' असा सांगतो आणि फडफडणे म्हणजे काय विचारले तर माझ्याकडे बघतो. एका खात्यातून रक्कम गेली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, याला बँकेत तूट म्हणतात. आपण मात्र तिला प्रगती म्हणतो.

भाषा बदलतेच, शब्द जातातच, हे मलाही मान्य आहे. जाते गेले, त्याबरोबर मेख आणि खुंटा गेला. चूल गेली, फुंकणी गेली. वस्तूच घरात नाही तर शब्द कुठे ठेवणार? त्याचे सुतक मी धरत नाही. पण पान अजून झाडावर आहे. वारा आहे. पापणी आहे, काळीज आहे. वस्तू सगळ्या जागच्या जागी असताना त्यांचे शब्द जात असतील, तर दोष काळाचा नाही, आपला आहे. १८३१ साली मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी पंडितांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याचे कोणतेही पान उघडा, असे खळखळ-सळसळ करणारे शब्द तुम्हाला भेटतील. परक्या माणसाला हे शब्द टिपून ठेवण्यासारखे वाटले. आपल्या शाळेच्या मराठीच्या पेपरात मात्र ते 'ध्वनिदर्शक शब्द लिहा' या छोट्याशा प्रश्नापुरते उरतात.

यावर उपाय म्हणून मोहीम वगैरे मी सुचवणार नाही. मोहिमांचे काय होते ते मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. दोनच गोष्टी सांगते. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वाक्य मध्येच तोडून त्याचे इंग्रजी करू नका. निदान दवाखान्यात तरी नाही. आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना धडधड, धाकधूक, फडफड, लकलक, चरचर, ठणका आणि कळ यांतला फरक कोणीतरी बसवून सांगा. दोन, मूल 'हलतंय' म्हणाले, की त्याला रागवू नका, नुसते विचारा, ''कसं हलतंय?'' तेवढ्या एका प्रश्नाने आमच्या घरात गेल्या महिन्यात चार शब्द परत आले आहेत. दात लुकलुकतो असे उत्तर आले तेव्हा हसलो, पण पोराने प्रयत्न तर केला.

आता त्या सहा फडफडींचे काय झाले ते सांगून संपवते. मी ती सहाही वाक्ये आईला वाचून दाखवली. माशाचे ऐकताच ती म्हणाली, ''मासा काठावर तडफडतो. फडफडीत असतो तो बाजारात, कोळणीच्या पाटीत.'' पडदा हेलकावतो असे ठरले. नोटांचा निर्णय तिने माझ्यावर सोपवला, ''बँकेत तू होतीस.'' मी डोळे मिटून काउंटर आठवला आणि लिहिले, नोटा बोटांतून सरसरल्या. ज्योतीपाशी ती थांबली. ''वारा लागला तर ज्योत थरथरते, वातीला पाणी लागलं तर तडतडते, तेल संपत आलं तर कंदील भकभकतो. तुझ्या कंदिलाला काय झालं होतं?'' वीस वर्षांपूर्वी लिहिताना हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. तेल संपत आले होते, असे आता ठरवले.

आजोबांच्या पापण्यांचे वाक्य मी दोनदा वाचले. आई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''जाणाऱ्या माणसाच्या पापण्या फडफडत नाहीत ग. डोळे किलकिले होतात. मग पापणी एकदा लवते आणि राहते. तुझ्या बाबांची मी बघितलीय.'' ते वाक्य मी तसेच्या तसे कादंबरीत घेतले आहे.

''आणि कोंबडी?'' मी विचारले.

''ती फडफडू दे. पोत्यात तिला दुसरं काय करता येणार आहे?''

दुरुस्त्या मी भाषांतरकार मुलीला कळवल्या. दुसऱ्याच दिवशी तिचे उत्तर आले, ''ताई, बाकी सगळे जमले. पण कंदिलाच्या भकभकण्याला इंग्रजीत नेमका एक शब्द सापडत नाहीये. सध्या फ्लिकरच ठेवू का?''

मी कळवले, ''सस्पेन्समध्ये टाक. पण फार दिवस ठेवू नकोस.''